सरपण गोळा करणारी मुलं

(निवेदन)

पडद्यावर दिसतोय तो चुनखडीचा तुकडा जेमतेम तळहाताएवढा आहे. १९०८ साली गेझेर या आजच्या इस्राएलमधल्या प्राचीन शहराच्या उत्खननात तो सापडला. काळ इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या आसपासचा. त्यावर शेतकऱ्याचं अख्खं वर्ष कोरलंय: दोन महिने पेरणी, एक महिना जवसाचा, एक सातूच्या कापणीचा. अक्षर वेडंवाकडं. काही अभ्यासकांच्या मते हा एखाद्या शिकाऊ पोराचा सराव असावा. मला हा अंदाज पटतो, कारण प्राचीन इस्राएलच्या खेड्यात पोराला वर्ष कळायचं ते कामातूनच.

ही मुलं ज्यूंच्या धर्मग्रंथात, म्हणजे हिब्रू बायबलात दिसतात, पण बहुतेकदा ओघात. यरुशलेममधल्या लोकांवर संतापलेला यिर्मया संदेष्टा म्हणतो: मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात, आणि हे सगळं कशासाठी, तर आकाशराणीच्या नैवेद्यासाठी! त्याचा राग परक्या देवतेवर होता. पण रागाच्या भरात त्यानं घरातली कामाची वाटणीच सांगून टाकली.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शुनेम गावचा एक मुलगा कापणीच्या दिवसांत बापाकडे शेतावर जातो आणि एकाएकी ओरडतो, "माझं डोकं, माझं डोकं!" गडी त्याला उचलून आईकडे आणतो. दुपारपर्यंत तिच्या मांडीवरच तो जातो. पुढे अलीशा संदेष्टा त्याला जिवंत करतो, ती चमत्काराची गोष्ट. चमत्कार बाजूला ठेवला तरी ते कापणीचं ऊन उरतंच.

त्याच अध्यायात एका विधवेच्या दारात सावकार उभा आहे. कर्जापायी तिची दोन्ही मुलं गुलाम म्हणून न्यायला आलाय. मुलांना किंमत होती, अगदी आकड्यांत. लेवीय पुस्तकात नवस फेडण्याचे दर आहेत: महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चांदीचे ५ शेकेल (शेकेल म्हणजे तेव्हाचं वजनाचं माप), मुलीचे ३. पाच ते वीस वर्षांच्या मुलाचे २०, मुलीचे १०. मुलगी वाढली तशी तफावतही वाढली.

शमुवेल तर नवसाचाच. त्याचं दूध तुटल्यावर आई हन्नानं त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकाकडे सोपवलं. मग दर वर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. पोर डोळ्यांसमोर नाही; तेव्हा यंदा किती उंच झाला असेल, हे तिला मनातच मोजावं लागत असणार.

वल्हांडण या ज्यू सणाच्या विधीत मात्र मुलाला बोलायची जागा आहे. निर्गमाच्या पुस्तकात गृहीतच धरलंय की मुलं विचारतील, "या विधीचा अर्थ काय?" आणि मोठ्यांनी मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून, झालेल्या सुटकेची हकिकत सांगायची. आजही ज्यू घरांत त्या रात्री प्रश्न विचारण्याचा मान बहुधा सगळ्यांत धाकट्याचा असतो.