चौकी एक पिढी उशिरा येते

नमस्कार मंडळी. आवाज येतोय ना मागेपर्यंत? ज्यांना येत नाहीये त्यांनी हात वर करा म्हणणार होतो, पण त्यांना ते तरी कसं ऐकू जाणार.

तर विषय तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलाय, 'शिकागोचं नऊ नंबरचं पोलीस डिस्ट्रिक्ट आणि आपण'. सेक्रेटरीबाईंनी दोनदा विचारलं, काका नक्की हाच विषय ना, कारण मिसळ खाऊन आलेल्या माणसांना पोलिसांवर व्याख्यान म्हणजे झोपेची गोळी. मी म्हटलं पंचेचाळीस मिनिटं द्या, कोणी झोपलं तर पुढच्या वेळी मी गाणं म्हणेन. ही धमकी होती.

पोलीस डिस्ट्रिक्ट म्हणजे एका चौकीच्या हद्दीतला शहराचा भाग. नऊ नंबर म्हणजे कुठला भाग हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही सगळे तिथे जाता, फक्त पोलीस डिस्ट्रिक्ट म्हणून जात नाही. डिमसम खायला चायनाटाऊनमध्ये जाता, मुलांना व्हाइट सॉक्सची बेसबॉल मॅच दाखवायला पस्तिसाव्या स्ट्रीटला नेता. तेच ते. ब्रिजपोर्ट, कॅनरीव्हिल, बॅक ऑफ द यार्ड्स, चायनाटाऊन. दीडशे-पावणेदोनशे वर्षं जो कोणी नवा माणूस या शहरात रिकाम्या खिशाने उतरला त्यातले कितीतरी जण आधी इथे आले. आयरिश आले, जर्मन आले, लिथुआनियन, पोलिश, मग मेक्सिकन, चिनी. चौकी आत्ता हॉलस्टेड स्ट्रीटवर आहे, नवी चकाचक, पण डिस्ट्रिक्टचं नाव अजून 'डीअरिंग'. आता गंमत बघा, पहिली चौकी डीअरिंग स्ट्रीटवर होती म्हणून डीअरिंग, आणि त्या रस्त्याचं नाव बदलून कधीच लूमिस झालंय. म्हणजे रस्ता गेला, चौकी तिथून हलली, नाव तेवढं राहिलं. आपल्याकडे नाही का, नाका कुठेच दिसत नाही पण बस स्टॉप 'जकात नाका'.

अजून एक. शिकागोत डिस्ट्रिक्टचे नंबर पंचवीसपर्यंत जातात पण डिस्ट्रिक्ट आहेत बावीस. १३ नाही, २१ नाही, २३ नाही. का नाहीत ते शेवटी सांगतो, आठवण करा.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. चौकी नेहमी एक पिढी उशिरा येते. म्हणजे वस्ती बदलते, भाषा बदलते, दुकानाच्या पाट्या बदलतात, आणि चौकीतली माणसं मात्र आधीच्या वस्तीची असतात. कालचा उपरा आजच्या उपऱ्याची तक्रार लिहून घेतो. हे मला पुस्तकातून नाही कळलं, सायकल चोरीला गेल्यामुळे कळलं.

मी नवीन होतो इथे, ८४ साल, गाव आणि चौकी सांगत नाही कारण अजून त्या बाजूला जावं लागतं. सेकंडहँड सायकल, दहा डॉलरची, कुलूप बारा डॉलरचं, आणि चोराने कुलूप तिथेच ठेवून सायकल नेली. गेलो तक्रार द्यायला. काउंटरवर एक धिप्पाड हवालदार, म्हणजे सार्जंट असेल, आपल्याला तेव्हा सगळे हवालदारच. नाव काय? म्हटलं घाटपांडे. स्पेलिंग? सांगितलं. तो म्हणाला पांडे आडनाव आणि घाट हे मधलं नाव का? म्हटलं नाही, मधलं नाव वडिलांचं. म्हणजे वडिलांचं नाव घाट? आता काय सांगणार. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता हे त्याला समजावायला गेलो तर त्याने 'घटनास्थळ' या रकान्यात डोंगर लिहिलं असतं. वीस मिनिटं हे चाललं. आणि माझी नजर गेली त्याच्या छातीवरच्या पट्टीवर. पोलिश नाव, एवढं लांब की पट्टी खिशाच्या बाहेर येतेय, आणि त्यात स्वर औषधालाच. मी न राहवून विचारलं, साहेब हे कसं म्हणतात? माणूस एकदम खुलला हो! म्हणाला माझ्या आजोबांचं नाव एका आयरिश पोलिसाने कागदावर चुकीचं लिहिलं, तेव्हापासून आम्ही अर्धे भाऊ एका स्पेलिंगचे आणि अर्धे दुसऱ्या. आणि असं म्हणून त्याने शांतपणे माझं नाव 'घाट पांडे' असं तोडून लिहिलं, सही घेतली. सायकल काही मिळाली नाही. पण त्या चौकीच्या दप्तरात मी अजून घाट पांडे आहे, आणि माझ्या मते कुठेतरी कोणी मेक्सिकन पोलीस उद्या एखाद्या नेपाळी पोराचं नाव असंच तोडणार आहे. कालचा उपरा, आजचा उपरा.

हसू नका, याला इतिहास आहे. १८५५ साली शिकागोचे मेयर होते लीव्हाय बून, बाहेरून आलेल्यांविरुद्धच्या पार्टीचे. त्यांनी नवीन पोलीस भरले ८० आणि अट घातली की सगळे इथेच जन्मलेले पाहिजेत. त्या वेळी शहरातली निम्म्याहून जास्त माणसं परदेशात जन्मलेली, लक्षात घ्या. मग दारूच्या लायसन्सची फी ५० डॉलरवरून ३०० केली आणि रविवारी गुत्ते बंद. जर्मन माणूस एक वेळ चर्च सोडेल पण रविवारची बिअर? एप्रिलमध्ये नदीच्या उत्तरेकडून जर्मन लोक मोर्चा घेऊन आले आणि मेयरनी क्लार्क स्ट्रीटचा पूलच फिरवायला सांगितला. तो फिरता पूल होता, अर्धे लोक अलीकडे, अर्धे पलीकडे, काही बिचारे पुलावरच मधोमध. शेवटी गोळीबार झाला. याला लागर बिअर दंगल म्हणतात. तर शहराचं पोलीस खातं नीट उभं राहिलं ते साधारण त्याच वर्षी, ह्या भांडणातून. म्हणजे ज्या खात्याचा जन्मच उपऱ्यांना लांब ठेवायला झाला, ते पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आयरिश माणसांनी भरून गेलं. कसं? ते आता सांगतो, आणि हा माझा सगळ्यात आवडता माणूस, त्यामुळे घड्याळ दाखवू नका.

फ्रान्सिस ओनील. जन्म १८४८, आयर्लंडमधलं कौंटी कॉर्क. सोळाव्या वर्षी घरातून पळाला आणि जहाजावर चढला. पॅसिफिकमध्ये बेकर आयलंड म्हणून टिचभर बेट आहे, तिथे जहाज फुटलं. दुसऱ्या एका जहाजाने ह्यांना उचललं पण खायला मोजकंच, सगळे उपाशी. त्या जहाजावर हवाई बेटांकडचे खलाशी होते, एकाकडे बासरी. ओनीलने ती मागून घेतली आणि गावाकडच्या आयरिश धुना वाजवल्या. तो खलाशी इतका खूश झाला की स्वतःच्या वाट्यातलं खायला द्यायला लागला, डब्यातला सामन मासा आणि पोई नावाची त्यांची कंदाची पेज. होनोलुलूला उतरले तेव्हा बाकीचे काटक्या आणि हा धडधाकट! आपल्याकडे आई म्हणायची बासरीने पोट भरतं का. भरतं.

मग हा भटकत भटकत शिकागोला, १८७३ मध्ये पोलिसात भरती. सुरुवातीलाच एका चोराने गोळी घातली, ती मणक्याजवळ बसली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली, काढलीच नाही. पुढे त्याची नेमणूक डीअरिंग स्ट्रीट चौकीत, म्हणजे आपल्या ह्याच डिस्ट्रिक्टमध्ये. आणि ब्रिजपोर्ट म्हणजे आयरिश वस्ती, इलिनॉय-मिशिगन कालवा खणायला १८३६ पासून आलेले मजूर तिथेच राहिलेले, मग १८६५ मध्ये शेजारी कत्तलखाने उघडले, तिथे कामाला लागलेले. प्रत्येक घरात कोणी ना कोणी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा. ओनील गस्त घालताना शिट्टीवर नवीन धून ऐकली की थांबायचा. आता त्याला नोटेशन येत नव्हतं. मग जेम्स ओनील म्हणून दुसरा एक, नातं नाही, फक्त आडनाव एक, त्याला नोटेशन यायचं, त्याला पोलिसात घेतलं. हा गुणगुणणार, तो लिहिणार. बार्नी डिलेनी म्हणून एक आयरिश बॅगपाइपवाला कुठल्याशा गुत्त्यात वाजवताना सापडला, थोड्याच दिवसांत त्याच्या हातात दंडुका. अहो फिडल येतं? या भरतीला! असा कारभार. १९०१ मध्ये हा माणूस अख्ख्या शिकागोचा पोलीसप्रमुख झाला आणि १९०३ मध्ये १,८५० धुनांचा संग्रह छापला. आयर्लंडमध्ये जे विसरलं जात होतं ते शिकागोच्या चौकीत लिहिलं गेलं, आज तिकडचे वाजवणारे ह्याच पुस्तकावर शिकतात. मला सांगा, आपल्या कुठल्या फौजदाराने लावण्या गोळा केल्यात? असेल तर सांगा, मी त्याच्यावर पण व्याख्यान देतो.

हो, दिसली चिठ्ठी. दहा मिनिटं? पाच. बरं.

मग मुद्द्यावर येतो, जो खरं तर आजचा विषय होता. ओनीलची गोष्ट ऐकायला गोड आहे कारण पोलीस आपला माणूस होता. पण कोणाचा आपला? १९१९ च्या जुलैमध्ये इथे वांशिक दंगल झाली, ३८ माणसं गेली, त्यातली २३ कृष्णवर्णीय. कॅनरीव्हिलची आयरिश पोरांची टोळी, रेगन्स कोल्ट्स, नावाला ॲथलेटिक क्लब, तिचं नाव नंतरच्या चौकशी आयोगाने घेतलं, आणि पोलिसांनी दोन्ही बाजूंना सारखं वागवलं नाही हेही लिहिलं. बीटवरचा पोलीस ह्या पोरांना लहानपणापासून ओळखणारा. म्हणजे एकाच चौकीतली तीच आपुलकी, एका घराला बासरी आणि दुसऱ्या घराला पाठ. माझं पिढीचं तत्त्व इथे मलाच टोचतं, कबूल करतो.

पुढे ब्रिजपोर्टने शहराला पाच मेयर दिले, केली, केनली, डेली, बिलँडिक आणि परत डेली. मोठ्या डेलींचं घर लो ॲव्हेन्यूवर आणि चौकीही मग त्याच रस्त्यावर, किती सोयीचं. तोपर्यंत यार्ड्सच्या, म्हणजे कत्तलखान्यांच्या, मागे पोलिश-लिथुआनियन घरांमधून मेक्सिकन कुटुंबं यायला लागलेली, १९७१ मध्ये कत्तलखाने बंदच झाले. चायनाटाऊनचं उदाहरण द्यायचं होतं, ऑन लिओंग या चिनी व्यापारी संघटनेची ती सुंदर बिल्डिंग, मनोरेवाली, तुम्ही सगळ्यांनी तिच्यासमोर फोटो काढलेत, ती १९८८ मध्ये जुगाराच्या केसमध्ये फेडरल सरकारने जप्त केली आणि ९३ मध्ये चिनी चर्चने विकत घेतली, आता तिथे इंग्लिशचे क्लास चालतात. हा एक वेगळाच तास होईल, सोडा.

आता आजचं. भाषा येणारा पोलीस हवा हे सगळे म्हणतात, पण माणूस चौकीत येतच नाही त्याचं पहिलं कारण भाषा नाही, कागद. तेव्हाचे मेयर हॅरोल्ड वॉशिंग्टन, त्यांनी १९८५ मध्येच आदेश काढला की शहराच्या नोकरांनी कोणाचं इमिग्रेशन स्टेटस विचारायचं नाही. नंतर कायदा झाला, २०१२ मध्ये अजून पक्का केला. कागदावर उत्तम. पण घरात चोरी झालेल्या बाईला हे माहीत पाहिजे ना, आणि काउंटरवरच्या माणसाला पण. दुसरं, २०२३ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टला तीन नागरिकांची निवडून दिलेली, पोलिसांच्या कामावर लक्ष ठेवणारी कौन्सिल आहे, बावीस त्रिक सहासष्ट, दर महिन्याला मीटिंग, कोणीही जाऊन बोलू शकतं. म्हणजे चौकी एक पिढी उशिरा येते तर निदान कौन्सिल तरी वेळेवर यावी अशी ही सोय. पुढची निवडणूक २०२७. तुम्ही म्हणाल आम्ही नेपरव्हिलचे, शिकागोबाहेरच्या उपनगरातले, आमचा काय संबंध. तुमची मुलं ब्रिजपोर्टमध्ये भाड्याने राहतात हो, मला माहितीये, दोघंतिघं तर ह्याच खोलीत बसलेत. नाव नोंदवलंय का मतदार म्हणून? बघा, खाली बघायला लागले.

झालं, झालं, उठतोच आहे. काय? हां, नंबर! बरं केलंत आठवण केलीत. २०१२ मध्ये पैसे वाचवायला तीन चौक्या बंद केल्या. १३ आणि २१ गेले, बेलमाँटची एकोणीस पण गेली, आणि मग २३ नंबरच्या चौकीला १९ नंबर देऊन टाकला, म्हणून २३ रिकामा. तेरा अशुभ म्हणून काढला असं मी वीस जणांना आधी सांगितलेलं, त्यातले चार इथे आहेत, त्यांची माफी मागतो. चहा झालाय का?