गठ्ठा सोडायचा कसा

नमस्कार श्रोतेहो. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. आज एका वजाबाकीबद्दल बोलायचंय.

चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, ४२ वजा १८. एका मुलीनं पाटीवर मांडलं, ३६. फुली मारणं सोपं होतं. तिला विचारलं, "कसं केलंस गं?"

"सर, आठातून दोन गेले सहा, चारातून एक गेला तीन."

म्हणजे वजाबाकी तिला येत होती. मोठ्यातून लहान काढायचं, एवढीच येत होती. दशक सोडवायला वर्गात शिकवलं, तेव्हा ती ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या कोयत्यामागं साखर कारखान्यावर होती. दिवाळीच्या सुमारास गेलेलं लेकरू उन्हाळा लागल्यावर परततं, तोवर पुस्तक पार पुढं गेलेलं असतं.

आम्ही अंगणात बसलो. काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या. म्हणालो, "यातल्या अठरा मला दे." तिनं एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. मीही गप्प राहिलो. कडब्याचा पाचुंदा सोडून जनावरापुढं पेंढी टाकणारी पोर ती. जरा वेळानं तिनं दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं, सहा काड्या मोजून दिल्या आणि म्हणाली, "चोवीस उरल्या."

आपल्या आकड्यांची नावंही लेकरांना अडवतात. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र पाच आधी. मग मूल ३५ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या फोडून वाचायची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! बाजारात त्रेपन्नच चालणार, ते यायलाच हवं. पण 'पन्नास आणि तीन' आधी कळू द्या ना.

वाचनाचंही तेच. बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी आपली गोरमाटी बोली बोलतं, त्याला पुस्तकातली मराठी नवी. पाचवीत असून ज्याला जोडाक्षर लागत नाही, त्याच्यापुढं पाचवीचा धडा ठेवून काय उपयोग? रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवावी. अक्षरं ओळखणारे एकीकडं, शब्द वाचणारे दुसरीकडं, गोष्ट वाचणारे तिसरीकडं, अशी मुलं बसवावीत. निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं ते तिसरीपर्यंत समजून वाचता यावं, साधं गणित यावं म्हणूनच. मात्र त्या तासाला शिक्षक वर्गातच हवा, माहितीचे तक्ते भरत बसलेला नको.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांच्या आहेत. बैठकीत रंगरंगोटी आणि कुंपणाचा विषय निघतोच. पुढच्या वेळी लेकराला सोबत आणा, दुसरीचं पुस्तक उघडा आणि एक उतारा वाचायला सांगा. अडलं तर रागावू नका. कुठं अडलं, तेवढं आम्हाला दाखवा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करू.