तंबोरा कुठे गेला?

डिजिटल म्हणजे कोरडं, तबकडीची मजा वेगळीच, हे आपल्याकडे सारखं ऐकू येतं आणि मला ते फारसं पटत नाही. सीडी आली 1982 साली, सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, माणसाच्या कानाला ऐकू येतं ते जवळपास सगळं त्यात बसतं. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत कुठे बसत होतं? तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उरकायचा आणि वर सुईची खरखर. गडबड होते ती नंतर, फाईल साफ करताना आणि लहान करताना, आणि ती पकडायची असेल तर गायकाकडे लक्ष देऊ नका, आधी तंबोरा ऐका.

आता बघा, खरखर काढणारं सॉफ्टवेअर काय करतं, जे सतत एकसारखं वाजतंय ते नॉईज समजतं आणि कापतं. आपल्या गाण्यात सतत एकसारखं काय वाजतं? तंबोरा. मिरजेचा कारागीर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घासून जी जवारी, म्हणजे तंबोऱ्याची ती झणझणती गुंज, लावतो, गवई मैफिलीआधी तारेखालचा दोरा केसभर सरकवून जी उघडतो, नेमकी तीच पहिली जाते, आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शिकवणी घेणाऱ्यांनी हे अनुभवलंय, गुरुजींचा आवाज येतोय पण तंबोरा गायब, कारण ती ॲप्स बोलण्यासाठी केलेली, त्यांच्या लेखी तंबोरा म्हणजे पंख्याची घरघर. सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साऊंड चालू केला की परत यायचा. मोबाईलवर मैफल रेकॉर्ड केली की उलटं होतं, गायक समेवर येऊन थांबला की तंबोरा भसकन मोठा होतो, कारण फोन लेव्हल आपोआप वर-खाली करत बसतो.

एमपी3चं गणित सोपं आहे, सीडीचा डेटा सेकंदाला 1411 किलोबिट आणि फाईल 128ची, म्हणजे अकरातले दहा भाग टाकून दिले. काय टाकायचं? जोरकस आवाजाच्या आड जे झाकलं जाईल ते. गायकाचा षड्ज आणि तंबोऱ्याचा षड्ज एकाच जागी, त्यात गायकाचा मोठा, मग कोणावर सुरी फिरणार ते कळलंच असेल. तबल्याचा ‘ना’ सुद्धा बोथट होतो, चाटीचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, आघात यायच्या आधीच एक पुसट फुसफुस ऐकू येते. आणि तीच फाईल व्हिडिओ साईटवर चढते, कोणीतरी उतरवतं, पुन्हा एमपी3 करतं, मग ती ग्रुपमधून फिरते आणि आपण म्हणतो जुन्या रेकॉर्डिंगला क्वालिटीच नव्हती.

स्पीडचा घोटाळा मला सगळ्यात जास्त खटकतो. सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या काही बरोब्बर 78 फेऱ्यांवर कापलेल्या नाहीत. 74ला कापलेली 78ला लावली तर स्वर जवळजवळ एक पट्टी वर जातो, पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा माणूस शेजारच्या पांढरी दोनमध्ये गातो, ताना पळतात आणि लोक वा काय तयारी म्हणतात! अहो तयारी मोटरची आहे ती. टेपचंही तेच. जुन्या टेपमध्ये विजेची 50 हर्ट्झची हम, म्हणजे बारीक गुणगुण, बसलेली असते, ती तुमच्या फाईलमध्ये 52ला दिसली तर टेप चार टक्के जोरात पळतेय असा अंदाज बांधता येतो (अंदाजच, आपल्याकडची वीज कधी बरोब्बर 50ला असायची!). आणि लोक पहिलं काम काय करतात, तर हम पुसून टाकतात. पुरावाच गेला.

म्हणून घरातल्या कॅसेट उतरवताना काही साफ करू नका, जशी आहे तशी वेव्ह फाईल, जमलं तर 24 बिट 96 किलोहर्ट्झ, ती वेगळी ठेवा, काय कापाकापी करायची ती कॉपीवर करा. आणि डेकचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासत जाते तो भाग, स्पिरिटने पुसून घ्या, हेडशेजारी त्याचा कोन बदलणारा एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट ज्या डेकवर भरली त्याचं हेड आणि तुमचं हेड सहसा एका कोनात नसतं, त्यामुळे वरचे स्वर दबतात. कॅसेट चालू ठेवून, गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसता तंबोरा असतो ना, तेवढ्यावर तो स्क्रू अगदी हळू फिरवायचा, जवारी स्वच्छ उघडली की हात काढायचा, कॅसेट मागे घ्यायची आणि मगच रेकॉर्ड दाबायचं. दुसरी बाजू लावली की ऐकून बघा, बऱ्याचदा पुन्हा फिरवावा लागतो.