नडगीवरचा अंगठा

पहाटेचे साडेपाच. पुण्यात सहकारनगरातून तळजाई टेकडीला चढणारा डांबरी रस्ता. कानटोप्या घातलेल्या काका-काकूंना ओलांडून ही पोरं पळत सुटतात. पोलीस भरतीवाली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक.

कठड्यावर बसलेल्या या मुलीने मोजा खाली सरकवलाय. घोट्याच्या वरून, नडगीच्या आतल्या कडेने ती अंगठा दाबत नेते. चार बोटं, सहा बोटं...

"इथून इथपर्यंत ठणकतं, सर."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस. आधी पळून अंग गरम झालं की थांबायचं. आता थांबत नाही."

घरच्यांचं म्हणणं, पोटऱ्या भरल्यात. बाम चोळून झाला, शेकून झालं. पण हे दुखणं हाडाच्या कडेचं आहे.

पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. दहा किलोमीटरला साधारण नऊ-दहा हजार पावलं. हाडाला त्याचं वावडं नाही, ते आपली डागडुजी करतच असतं. फक्त तिची रीत जुन्या वाड्यासारखी: आधी खिळखिळं झालेलं उतरवायचं, मग नवं रचायचं. उतरवायला काही आठवडे, रचायला काही महिने. भरतीची जाहिरात निघते आणि पोरं एका आठवड्यात अंतर दुप्पट करतात. वाडा अर्धा उघडा, आणि वरच्या मजल्यावर लग्नाची वरात!

लांब पट्टा दुखला तर बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे पळण्याच्या ताणाने दुखावलेली नडगीची कड. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, रात्री झोपेतही ठणका, एका पायावर उडी मारताना कळ, अशी लक्षणं असली तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे साफ दिसू शकतो. एमआरआयमध्ये तडा सापडतो.

आणखी एक प्रश्न मैदानावर सहसा कुणी विचारत नाही. पाळी वेळेवर येते का? पळणं वाढलं, जेवण तेवढंच राहिलं, तर पाळी लांबते आणि हाडही ठिसूळ होत जातं. सरांना तो विचारायला अवघड, तिला सांगायला त्याहून. आज ताईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं. तीन महिने आली नव्हती.

आता आधी डॉक्टर. तोवर पळणं बंद, फार तर सायकल, तीही दुखलं नाही तर. आणि डब्यात दोन पोळ्या जास्त.

"आणि भरती?"

सर घड्याळ बघतात. खालच्या वळणावरून पोरं परत चढून येतायत. ती मोजा वर ओढते, पण बुटाची नाडी बांधत नाही.