व्याध, राजन्य आणि अंतराचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो. फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करा. जरा मान वर केलीत की मृग नक्षत्र दिसेल. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण. जूनमध्ये आपण ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा हे नक्षत्र दिसत नाही, कारण सूर्यच तेव्हा तिथे असतो. बघायचं तर ते आत्ताच.

बाणाची रेघ खाली डावीकडे वाढवलीत की थेट व्याध. रात्रीच्या आकाशातला सर्वांत ठळक तारा. आणि मृगाच्या चौकोनात खाली उजवीकडे निळसर पांढरा राजन्य. दोघांकडे आलटून पालटून पाहा. व्याधच भारी वाटतो. प्रत्यक्षात राजन्य त्याच्यापेक्षा हजारो पटींनी तेजस्वी आहे. कसं, त्याचा हिशेब आज मांडू. कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

ताऱ्याचं तेज ‘प्रती’त सांगतात. ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, ही जुनी विभागणी हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाच्या नावावर आहे. १८५६ साली नॉर्मन पॉगसनने तिला गणिताची शिस्त लावली: पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट तेज, म्हणून एका प्रतीला २.५१२ पट. (हाच पॉगसन पुढे १८६१ पासून मद्रासच्या वेधशाळेत होता.) आकडा उलटा चालतो हे मात्र ध्यानात ठेवा. वर्गातल्या नंबरासारखा: जितका लहान, तितका वरचा. फारच ठळक तारे तर शून्याच्याही खाली जातात. व्याधाची प्रत उणे १.४६, राजन्याची ०.१३. फरक १.५९ प्रतींचा, म्हणजे व्याध आपल्याला सुमारे ४.३ पट ठळक दिसतो.

हे झालं दिसणारं तेज. आता अंतर. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या एका बाजूला असते, जुलैत दुसऱ्या. त्यामुळे जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. तो विकलांत, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागात मोजायचा आणि ३.२६ला त्याने भागायचं, की अंतर प्रकाशवर्षांत मिळतं. व्याधाचा पराशय ०.३७९ विकला, अंतर ८.६ प्रकाशवर्षं. राजन्याचा ०.००३८, अंतर सुमारे ८६० प्रकाशवर्षं.

कोन किती बारीक आहेत पाहा. रुपयाचं नाणं दोन सेंटिमीटर रुंदीचं धरा. सीएसएमटी स्टेशनावर उभं राहून भायखळ्याला, चार किलोमीटरवर ठेवलेलं ते नाणं पाहिलं तर त्याची रुंदी एक विकला भरते. सूर्य सोडला तर एकाही ताऱ्याचा पराशय तेवढादेखील नाही. आणि राजन्याचा पराशय म्हणजे मुंबईत बसून दिल्लीतल्या त्याच नाण्याची रुंदी मोजणं. १८३८ साली बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हंस तारकासमूहातल्या एका अंधूक ताऱ्याचा पराशय पहिल्यांदा भरवशाने मोजून जाहीर केला. तोवर शतकानुशतकं लोक का हरत होते, ते या नाण्यावरून कळतं.

आता गंमत. राजन्य व्याधाच्या १०० पट दूर आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून १०० पट अंतराला १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० पटींची घट. एवढं सोसूनही राजन्य फक्त ४.३ पट फिका दिसतो. १०,०००ला ४.३ने भागा: २,३००च्या आसपास. दोघे शेजारीशेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यालाच राजन्य व्याधाच्या २,३०० पट तेजस्वी दिसेल.

इथे एक सावधगिरी. राजन्याच्या पराशयात सुमारे ९ टक्क्यांची चूक संभवते. अंतराचा वर्ग होत असल्याने तेजाच्या आकड्यात ती दुप्पट, १८ टक्क्यांची होते. पराशय मोजणाऱ्या गाया उपग्रहाने जवळजवळ दोन अब्ज ताऱ्यांची मोजणी केली, पण असे झगझगीत तारे त्याच्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत. म्हणून मृगातल्या ठळक ताऱ्यांसाठी अजून १९८९ ते १९९३ दरम्यान हिपार्कोस उपग्रहाने केलेल्या मोजणीवरच भिस्त ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट तापमान, आणि ते रंगावरून कळतं. गिझरच्या नळावर लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे गार. आकाशात नेमकं उलट. एलईडी बल्बचा खोका हातात घ्या. पिवळट उजेडाच्या बल्बवर ३००० के लिहिलेलं असतं, पांढऱ्या शुभ्रवर ६५०० के. हे ‘के’ म्हणजे केल्विन. बल्ब तेवढा तापत नाही. तेवढी तापलेली वस्तू त्या रंगाची दिसेल, एवढाच त्याचा अर्थ. त्याच मोजपट्टीवर मृगातला तांबूस काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, सुमारे ३,५०० केल्विनवर बसतो. सूर्य ५,७७२ वर, व्याध ९,९००च्या आसपास आणि राजन्य १२,०००च्या.

वेधशाळेत ताऱ्याचं तेज एकदा निळ्या आणि एकदा पिवळसर हिरव्या गाळणीतून मोजतात. दोन प्रतींची वजाबाकी म्हणजे रंगाचा आकडा. व्याधाचा शून्य, काक्षीचा १.८५. पण वाटेत धूळ असेल तर ती निळा प्रकाश जास्त अडवते. तापलेला तारा मग पिवळट भासतो, तापमान कमी निघतं, आणि तो फिकाही झालेला असल्याने दूर असल्याचा भ्रम होतो. अशा वेळी वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या, काळ्या रेषा कामाला येतात. धूळ ताऱ्याला फिका करील, पण कुठली रेषा आहे आणि कुठली नाही हे तिला बदलता येत नाही. या रेषांवरून तापमान कसं काढायचं, ते सूत्र मेघनाद साहांनी १९२० साली दिलं.

आता तिन्ही धागे एकत्र बांधू. तापमान वाढलं की दर चौरस मीटरमधून निघणारी ऊर्जा त्याच्या चौथ्या घाताने वाढते. राजन्य व्याधापेक्षा १.२१ पट गरम. १.२१चा चौथा घात जेमतेम २.१. मग २,३०० पट तेज आलं कुठून? आकारातून. २,३०० भागिले २.१ म्हणजे सुमारे १,१०० पट पृष्ठभाग, आणि त्याचं वर्गमूळ ३३ पट त्रिज्या. खरं उत्तर मात्र ४५च्या आसपास आहे. आपला हिशेब कमी पडला, कारण राजन्याचा बराचसा प्रकाश जंबुपार, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, आणि २,३०० हा आकडा फक्त दिसणाऱ्या उजेडाचा. डोळ्याने मोजलेल्या प्रतीवरून निघालेली त्रिज्या अशीच फसवते: अतितप्त ताऱ्याची कमी येते आणि काक्षीसारख्या थंड ताऱ्याचीही कमीच येते, कारण त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त, म्हणजे तोही डोळ्याला न दिसणारा असतो.

काक्षी तर वेगळंच प्रकरण. त्याच्या बिंबाची कोनीय रुंदी पराशयाच्या सात-आठ पट आहे, त्यात पृष्ठभागावर उजळ डाग फिरत असतात. ताऱ्याचा मध्य नक्की कुठे, हेच डळमळीत, म्हणून अंतराचे आकडे साधारण ५०० ते ७०० प्रकाशवर्षांच्या मध्ये झुलतात. तरी सूर्याच्या जागी ठेवला तर तो मंगळाची कक्षा गिळेल, एवढं निश्चित.

त्याचं तेजही बदलतं. ते तुम्ही घरबसल्या नोंदवू शकता. डोळे वीस मिनिटं अंधाराला सरावू द्या, मोबाइल बंद. तुलनेला दोन तारे घ्या: डावीकडचा प्रश्वा, प्रत ०.३, आणि पुनर्वसूच्या जोडीतला अधिक ठळक तारा, प्रत १.१. दोघांमधल्या अंतराचे मनात चार भाग करा आणि काक्षी कितव्या भागावर बसतो ते ठरवा. पहिल्याच भागावर, म्हणजे प्रश्वाच्या जवळ असेल तर प्रत ०.५. तांबूस ताऱ्याकडे टक लावून पाहू नका. नजर जितकी खिळेल तितका तो उजळ वाटू लागतो. नुसते कटाक्ष टाका.

अगस्त्य मात्र तुलनेला घेऊ नका. मुंबईहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर फार तर १८ अंश येतो आणि त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिपटीहून जास्त हवा ओलांडून येतो. त्यात त्याची अर्ध्या प्रतीहून अधिक चमक जाते.

फेब्रुवारी २०२०मध्ये याच पद्धतीने पाहणाऱ्यांना काक्षी १.६ प्रतीपर्यंत उतरलेला दिसला होता, पुनर्वसूतल्या त्या ताऱ्याच्याही खाली. ताऱ्याने फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आपल्या दृष्टीच्या आड आली होती, आणि पृष्ठभागाचा एक भागही थंडावला होता. काही महिन्यांत तो पूर्ववत झाला. आज रात्री तुमच्या वहीत तारीख, वेळ, हवा कशी आहे आणि काक्षीची प्रत, एवढ्या चार गोष्टी लिहा. पुढची नोंद आठवड्याने.