गिटारवर पोट भरायचे असेल, तर आधी साथ शिका

नमस्कार. चार-पाच वर्षे गिटार शिकलेली, बोटांत बऱ्यापैकी वेग आलेली अनेक मुले-मुली विचारतात, की आता यातून व्यवसाय कसा उभा करायचा. मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर वेगापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. महाराष्ट्रात गिटारवादकाला मिळणारे बहुतेक काम हे दुसऱ्याच्या गाण्याला साथ करण्याचे असते. मग तो दिवाळी पहाटेचा कार्यक्रम असो, गणेशोत्सवातला वाद्यवृंद असो, अभंगांचा नवा प्रयोग असो किंवा मालिकेच्या शीर्षकगीताचे ध्वनिमुद्रण असो. शिकवणीत मात्र आपण एकट्याने वाजवायची गाणी आणि लीडचे, म्हणजे सुट्या सुरांच्या वादनाचे, तुकडे घोटत राहतो, आणि पहिल्या तालमीला गेल्यावर लक्षात येते की तिथे आपल्याला वेगळेच काहीतरी विचारले जात आहे.

पहिला प्रश्न असतो पट्टीचा, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर आहे याचा. गायिका सहजपणे सांगते, "माझी काळी चार आहे." तुम्ही सी, डी, ई या नावांवर वाढलेले असाल, तर काळी चार म्हणजे जी शार्प, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प आणि पांढरी चार म्हणजे एफ, हे त्या क्षणी मनातल्या मनात आकडेमोड न करता यायला हवे. नेमक्या याच काळ्या पट्ट्या गिटारला अडचणीच्या असतात, कारण त्यांत उघड्या तारा फारशा उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तो कुठे लावायचा याचा विचार करावा लागतो. [गिटार दाखवत] काळी दोनसाठी पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो लावून डीच्या आकारात, म्हणजे डीसाठी बोटे ठेवतो तशी ठेवून, वाजवता येते आणि तिसऱ्या पडद्यावर लावून सीच्या आकारातही वाजवता येते. सूर तेच असले तरी नाद वेगळा येतो. पहिला भरदार वाटतो आणि दुसरा अधिक उजळ. दुसरा गिटारवादक सोबत असेल तर एकाने पहिल्यावर आणि दुसऱ्याने तिसऱ्यावर कॅपो लावावा, म्हणजे दोघे एकमेकांच्या पायांत येत नाहीत. रोज एखादे ओळखीचे गाणे बाराही पट्ट्यांत वाजवण्याचा सराव कंटाळवाणा आहे हे मान्य, पण आयत्या वेळी गायकाचा घसा बसला आणि पट्टी अर्ध्या सुराने उतरवावी लागली, तर त्या कंटाळ्याचे मोल कळते.

दुसरी गोष्ट तालाची. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला हात चार मात्रांचा हिशेब करतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर देतो. हाच हात भजनी ठेक्यावर तसाच चालवला, तर आठ मात्रांचा तो डुलणारा ठेका गिटारच्या वजनाखाली दबून जातो आणि तबलजी अस्वस्थ होऊन तुमच्याकडे पाहू लागतो. दादऱ्याच्या सहा मात्रा आणि केरव्याच्या आठ मात्रा हाताला लवकर सापडतात. रूपकाच्या सात मात्रा, तीन-दोन-दोन अशा विभागलेल्या, थोडा त्रास देतात, कारण तिथे समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) येते आणि जोर कुठे द्यावा याचा गोंधळ होतो. उपाय एकच आहे: गिटार हातात घेण्याआधी ठेका तोंडाने म्हणावा आणि हाताने टाळी-खाली दाखवावी. मेट्रोनोम वापरत असाल तर सुरुवातीला तो प्रत्येक मात्रेवर ठेवा, मग हळूहळू त्याचे ठोके कमी करत फक्त समेवर आणा. मधल्या मात्रांची जबाबदारी आपल्यावर आली, की आपली लय खरोखर किती स्थिर आहे ते उघडे पडते.

याला जोडूनच एक बारकावा सांगतो, जो शिकवणीत फारसा सांगितला जात नाही. गिटारची सर्वांत जाड तार उघडी छेडली तर ती साधारण ८२ हर्ट्‌झवर बोलते. रंगमंचावर खालच्या सुरांच्या त्याच गर्दीत तबल्याचा डग्गा असतो, बेस गिटार असते आणि बहुधा कीबोर्डवाल्याचा डावा हातही तिथेच असतो. अशा वेळी सहाही तारांवर जोरात स्ट्रमिंग केल्याने गाणे भरत नाही, ते गढूळ होते. वरच्या तीन-चार तारांवर, मोजक्या जागी आणि गायकाचे शब्द संपतात तिथे वाजवणारा वादक ध्वनिसंयोजकालाही आवडतो आणि गायकालाही. चांगली साथ बऱ्याचदा हात आवरण्यातच असते.

आता कॉर्ड्सकडे, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या गटांकडे, वळू, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. मराठी भावगीते, नाट्यपदे आणि अभंग यांच्या चाली बहुतांशी रागांच्या आधाराने चालतात, आणि राग कॉर्ड मनात धरून जन्माला आलेले नाहीत. एखादी चाल यमन रागाच्या अंगाची आहे आणि सा पांढरी एक, म्हणजे सी आहे, असे समजा. यमनात मध्यम तीव्र असतो, म्हणजे एफ शार्प. सवयीने तुम्ही सी मेजरनंतर एफ मेजर लावलात, की त्या कॉर्डमधला शुद्ध मध्यम गायकाच्या तीव्र मध्यमाशी सरळ भांडतो. त्याऐवजी डी मेजर घेतला तर त्यात रिषभ, तीव्र मध्यम आणि धैवत हे तिन्ही स्वर यमनाचेच येतात. ई मायनर आणि बी मायनरही याच घरातले आहेत. [दोन्ही वाजवून दाखवणे] अर्थात भावगीतांत संगीतकार अंतऱ्यामध्ये शुद्ध मध्यमाला हळूच आत घेतात, त्यामुळे नियम पाठ करून भागत नाही, चाल ऐकावीच लागते. आपल्याकडे कार्यक्रमाचा शेवट भैरवीने करण्याची प्रथा आहे, आणि सीवर भैरवी गायली जात असताना कोमल निषादाच्या जागी जी मेजर लावून शुद्ध निषाद वाजवणारे गिटारवादक नेमके शेवटच्या, सर्वांच्या लक्षात राहणाऱ्या गाण्यात आपली फजिती करून घेतात. सी मायनर, त्याच्या शेजारचा सी शार्प मेजर आणि एफ मायनर इतक्या सामग्रीवर तिथे बरेच काही निभावता येते. आणि काहीच सुचत नसेल तर फक्त षड्ज-पंचम (सा-प) धरून ठेवावा; तानपुरा शतकानुशतके तेच करत आला आहे आणि त्याला कोणी नावे ठेवलेली नाहीत.

यासाठी कान तयार करण्याची माझी पद्धत साधी आहे. गाण्यातला एखादा म्युझिक पीस, म्हणजे ओळींमधला वाद्यांचा तुकडा, घ्यावा, तो आधी 'आ'कारात गावा, मग सरगम करून गावा आणि त्यानंतरच गिटारवर शोधावा. टॅब, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणारे लेखन, पाहून वाजवलेला तुकडा बोटांत राहतो. गाऊन शोधलेला तुकडा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पट्टीतही वाजवता येतो. ज्यांनी लहानपणी पेटीवर थोडे अलंकार घोटले आहेत, त्यांच्याकडे ही शिदोरी आधीपासून असते.

लिहिलेले संगीत वाचता येणे ही मात्र वेगळी कमाई आहे, आणि तिची किंमत समजून घ्यायची असेल तर मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहास पाहावा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जात असे. त्या शिदोरीवर मुंबईत आलेले गोमंतकीय वादक विसाव्या शतकाच्या मध्यापासून स्टुडिओंचा कणा बनले, आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्सालविस यांच्यासारखे संगीत संयोजक (गाण्याची वाद्यरचना लिहिणारे अरेंजर) तिथे उभे राहिले. समोर ठेवलेला कागद पाहून लगेच वाजवू शकणारी ती माणसे होती, म्हणून मोठा वाद्यमेळ थोड्या वेळात उभा राहू शकत असे. पुढे राहुल देव बर्मन यांच्या चमूत भानू गुप्ता, भूपिंदर सिंग, रमेश अय्यर असे गिटारवादक होते. भानू गुप्ता हार्मोनिकाही वाजवत, भूपिंदर सिंग तर गायक म्हणूनच अधिक लोकांना माहीत आहेत. प्रत्येकाजवळ स्वतःचे असे काहीतरी होते आणि संगीतकार ते ओळखून त्याला त्या जागी बसवत असे.

परीक्षांविषयी थोडक्यात. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या ब्रिटिश संस्थांच्या आठ श्रेणींच्या परीक्षा दिल्या तर शाळेत किंवा संस्थेत शिकवण्याचे काम मिळायला मदत होते, आणि शिकवणी हा बहुतेक वादकांच्या महिन्याच्या हिशेबाचा पाया असतो. रंगमंचावर मात्र कोणी प्रमाणपत्र मागत नाही.

घरी बसून ध्वनिमुद्रण करून पाठवण्याचे काम आता बरेच वाढले आहे, आणि इथे स्वच्छता फार महत्त्वाची ठरते. संगीत चित्रपटासाठी किंवा व्हिडिओसाठी असेल तर सहसा ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची वेव्ह फाइल अपेक्षित असते. तरीही आधी विचारून घ्यावे. इफेक्टसह केलेले रेकॉर्डिंग आणि कोरे रेकॉर्डिंग अशा दोन्ही फायली पाठवाव्यात, दोन्ही गाण्याच्या अगदी सुरुवातीच्या बिंदूपासून सुरू कराव्यात आणि फाइलच्या नावात गाण्याचे नाव, लय आणि पट्टी लिहावी. संयोजकाला रात्री दोन वाजता तुमचा तुकडा जागच्या जागी सरकवत बसावे लागले, तर पुढचे काम तो दुसऱ्याला देतो आणि त्याचे कारण तुम्हाला कधीच सांगत नाही.

पैशांचे गणितही हंगामी आहे. गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लगीनसराई या दिवसांत तारखा एकमेकींवर आदळतात, तर पितृपक्षात आणि भर पावसात हात रिकामे असतात. म्हणून हंगामातल्या कमाईवर उरलेले महिने काढण्याची तयारी ठेवावी लागते. मानधन, प्रवास, तालमींची संख्या आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय द्यायचे, हे सगळे आधी लेखी ठरवावे. एका साध्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावरही ते नोंदवता येते. मोठे आयोजक मानधनातून टीडीएस कापतात, तो विवरणपत्र भरून आपल्या कराच्या हिशेबात धरता येतो. अनेक वादक विवरणपत्रच भरत नाहीत आणि स्वतःच्या हक्काचे पैसे सरकारकडे तसेच ठेवतात.

शेवटचा विषय हक्कांचा आहे आणि तो तरुण वादक हमखास टाळतात. तुम्ही गाजलेल्या गाण्याचे कव्हर करून व्हिडिओ टाकला तर ओळख वाढते, पण त्या व्हिडिओचे उत्पन्न बहुधा मूळ हक्कधारकाकडे जाते. स्वतःची चाल केलीत तर तिच्या संगीतावरचा स्वामित्वहक्क भारतात संगीतकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रिकेसाठी काम करणाऱ्या गीतकाराला आणि संगीतकाराला त्यांच्या वाट्याच्या रॉयल्टीचा, म्हणजे रचना पुढे वापरली गेल्यावर मिळणाऱ्या पैशांचा, हक्क निर्मात्याला देऊन टाकता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारे प्रदर्शन हा त्याला अपवाद आहे. हे पैसे गोळा करून वाटण्याचे काम मुंबईतली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते, आणि तिचे सदस्यत्व घेऊन प्रत्येक रचनेची नोंद करावी लागते. नुसता गिटारचा तुकडा वाजवल्याने तुम्ही संगीतकार ठरत नाही. पण चालीचा गाभाच तुमचा असेल, तर ध्वनिमुद्रणापूर्वी, सर्वांचा मूड चांगला असतानाच, कोणाचा वाटा किती ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. गाणे चालल्यानंतर हा विषय काढला तर मैत्री आणि पैसे दोन्ही अडचणीत येतात.