काजीत मेलेलं माकड

(दृश्य: सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका. काजूची बाग, खाली पडलेले बोंडू वेचणारे हात.)

फेब्रुवारी-मार्चात इथे घरातली सगळी माणसं बागेत असतात. पायाखाली सुका पातेरा, आणि त्यात खसखशीएवढी गोचिडीची पिल्लं. चावली तरी कळत नाहीत. तीन ते आठ दिवसांनी सणकून ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, काहींना रक्तस्राव होतो. हा माकडताप.

१९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ मध्ये दोडामार्गात रुग्ण सापडले. माणसाकडून माणसाला तो होत नाही. पण त्यावर नेमकं औषधही नाही, त्यामुळे वेळेत सुगावा लागणं फार मोलाचं.

हा सुगावा बहुतेकदा माकडं देतात, कारण हा आजार होऊन तीही मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, नवं अंग शोधतात. ते माकड दिसतं बागायतदाराला, गुराख्याला, लाकडं आणायला गेलेल्या बाईला. ‘ताई, आमच्या काजीत माकड मरान पडलाहा,’ एवढा फोन आशाताईंना गेला की सगळे हलतात. वनविभाग आणि पशुवैद्यकीय खात्याची माणसं येतात, नमुना तपासणीला जातो, भोवती कीटकनाशक मारतात. आशाताई वाडीत घरोघर तापाची चौकशी करतात. आरोग्य केंद्रात डॉक्टर तापाच्या रुग्णाला विचारतात, ‘बागेत गेला होतात?’ प्रत्येकाला थोडं थोडं माहीत असतं. ते एकत्र आलं तरच आजार पकडता येतो.

(दृश्य: केळीची मोडलेली बाग.)

पण माकडांनी ज्याच्या केळी-नारळांची नासधूस केली, त्याने एका मेलेल्या माकडाची खबर का द्यावी? शिवाय गवगवा झाला तर ऐन हंगामात मजूर यायचे नाहीत, ही धास्ती. ती खोटी नाही. म्हणूनच तपासणीत काय निघालं, हे खबर देणाऱ्याला कळवलंच पाहिजे. त्याचं ऐकलं गेलं, हे त्याला दिसलं तर तो पुढच्या वर्षीही फोन करील. यंत्रणा त्याचं एवढं तरी देणं लागते.

बागेत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल लावा, घरी आल्यावर कडक पाण्याने आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. आशाताईंना कळवा, आणि जागा नीट सांगा: कुणाची बाग, कुठल्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, कधी दिसलं.